खिडकीवर फेकलेलं पेपरवेट

पत्र:

'मी एका नगरपरिषदेच्या कर विभागात वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीला चौदा वर्षं झाली. नऊ दिवसांपूर्वी एक गृहस्थ घरपट्टीचं बिल घेऊन आले. भरलेली थकबाकी बिलात पुन्हा दिसत होती आणि वर तिच्यावर शास्ती, म्हणजे दंड. त्यांची ही तिसरी खेप. दुसऱ्या खेपेला जाताना "तू बाहेर भेट, मग बघतो" म्हणाले होते, ते मी हसण्यावारी नेलं. या वेळी मी "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" म्हटल्यावर त्यांनी शिवी दिली आणि टेबलावरचं पेपरवेट उचलून फेकलं. ते माझ्या कानाला घासून मागच्या कपाटावर आदळलं. आमचा शिपाई मधे पडला, तर त्याचा हात पिरगळला. त्याचं मनगट सुजलं. तो कंत्राटी आहे. ठेकेदाराने त्याला "चार दिवस घरी बस" म्हणून सांगितलं, ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

संध्याकाळी एक नगरसेवक त्या गृहस्थांना घेऊन आले, सॉरी म्हणायला लावलं. मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, वसुलीचे दिवस आहेत, ताणू नका." दुसऱ्या दिवशी संघटनेने काळ्या फिती लावल्या, फोटो निघाले, संपलं. आता खिडकीवर कोणाचा आवाज चढला की छातीत धडधडतं. रात्री कपाटाचा तो आवाज ऐकू येतो. नवरा म्हणतो, बदली माग. एवढ्याशा गोष्टीसाठी पोलिसांत जाणं शोभतं का? आणि नऊ दिवसांनी कोण ऐकणार? शिवाय त्या माणसाचं बिल खरंच चुकलेलं होतं.'

— खिडकी क्रमांक ३

*

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सरकारी खिडकीमागे बसलेलं माणूसच लिहू शकतं. कानाजवळून पेपरवेट गेलं तरी मनात हिशेब चालूच, की चूक आमचीच होती ना! मीही अशाच एका कार्यालयात आधी लिपिक आणि मग अधीक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळे हा हिशेब मला ओळखीचा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्यांचं बिल चुकलं असेल तर ते दुरुस्त करा. उद्याच करा, म्हणजे तुम्ही नव्हे, दुसऱ्या टेबलाने. जुनी पावती बघून नोंद घ्यायची, शास्ती कमी करायची आणि दुरुस्त बिल आवक-जावकमधून लेखी पाठवायचं. महिन्याला दोन टक्क्यांनी चढणारी शास्ती, तीही भरलेल्या पैशावर, आणि वर तीन खेपा. माणूस संतापेल यात नवल नाही. पण ही एक फाईल झाली. पेपरवेटची फाईल वेगळी. या दोन फाईली एका दोऱ्यात बांधल्या की काय होतं ते मी पाहिलंय: 'बिल दुरुस्त करून देतो, तुम्ही तक्रार सोडा' असा सौदा होतो. मग ज्याचं बिल बरोबर असतं तो रांगेत ताटकळतो आणि ज्याने हात उगारला त्याचं काम त्याच दिवशी होतं. हे रांगेतल्या प्रत्येकाला दिसत असतं.

आता 'एवढीशी गोष्ट'. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली कामाच्या ठिकाणच्या हिंसेवर एक करार संमत केला, क्रमांक १९०. त्यातल्या व्याख्येत धमकीही हिंसेतच मोडते आणि ती एकदाच दिलेली असली तरी मोडते. त्या हिशेबाने तुमच्यावरची हिंसा नऊ दिवसांपूर्वी सुरू झालेली नाही. ती दुसऱ्या खेपेला, 'बाहेर भेट' म्हटलं तेव्हाच सुरू झाली होती. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत याचा दोष मी तुम्हाला देत नाही. आपल्याकडे ते लिहून ठेवायला जागाच नसते. आवक रजिस्टर आहे, जावक आहे, हालचाल नोंदवही आहे, पण 'आज अमुक माणूस असं बोलून गेला' हे लिहायची वही नाही. ती असती तर तिसऱ्या खेपेला तुम्ही खिडकीत एकट्या बसल्या नसतात.

नऊ दिवस उलटले म्हणून दार बंद झालेलं नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद उशिरा दिली तरी घेतली जाते. फक्त उशीर का झाला ते अर्जातच लिहावं लागतं. खरं तेच लिहा: वरिष्ठांनी थांबायला सांगितलं, नगरसेवकांनी मध्यस्थी केली, मी घाबरले होते. आपण उशिराचं कारण दिलं नाही तर पुढे कोर्टात समोरचा वकील स्वतःचं कारण देतो. ठाण्यात टाळाटाळ झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

कलमांबद्दल थोडं सांगते, कारण ऑफिसात सगळे अजून '३५३ लावा' असंच म्हणत असतील. ते जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केला तर कलम १३२, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. (महाराष्ट्राने जुन्या ३५३ मध्ये दुरुस्ती करून शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती. 'पाच वर्षं आत जाईल' हे तुमच्या ऑफिसातलं वाक्य तिथून आलेलं आहे.) अशाच हेतूने इजा केली तर कलम १२१. साध्या इजेला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान एक आणि कमाल दहा. कान सोलवटला, मनगट सुजलं, तर हे कलम बघायला सांगा. 'बाहेर भेट'साठी लोकसेवकाला धमकी देण्याचं कलम २२४ आहे. कामात अडथळा आणण्याचं २२१ सौम्य आहे, पण त्याची एक गंमत आहे: न्यायालय त्याची दखल घेतं ती त्या लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवर. म्हणजे साहेबांची सही इथे नुसती शोभेची नाही. कुठलं कलम लावायचं ते अर्थात पोलीस ठरवतात. आपलं काम घडलं ते नीट लिहिणं.

आणि आपण नेमके तिथेच कमी पडतो. कार्यालयीन भाषा फार वाईट साक्षीदार आहे. 'सदर इसमाने अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून शासकीय कामात अडथळा निर्माण केला' हे वाक्य मी स्वतः किती अर्जांत लिहिलं असेल! त्यातून काहीच कळत नाही. शिवी होती तर ती जशी दिली तशीच लिहा, लाजू नका. पेपरवेट कोणत्या हाताने उचललं, तुम्ही बसलेल्या होतात की उभ्या, ते कानाच्या कोणत्या बाजूने गेलं, कपाटाला पोचा पडला का, त्या वेळी तुमच्यासमोर कोणतं रजिस्टर उघडं होतं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तुम्ही त्या क्षणी कर्तव्यावर होतात हे त्यावरूनच सिद्ध होतं. हजेरीपत्रकाची आणि त्या दिवशी तुम्ही फाडलेल्या पावत्यांची प्रत जोडा. आणि जे घडलं नाही ते एक अक्षरही घालू नका. कोणीतरी हितचिंतक सांगेलच, 'दोन गोष्टी वाढवून लिहा, केस मजबूत होते.' होत नाही. एक खोटी ओळ सापडली की खऱ्या दहा ओळी तिच्याबरोबर जातात.

शिवी लैंगिक स्वरूपाची होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समितीही आहे. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत जाता येतं आणि त्रास देणारा बाहेरचा असला तरी पोलिसांत तक्रार करायला मदत करणं कार्यालयावर बंधनकारक आहे.

सगळ्यात आधी मात्र, म्हणजे हे पत्र वाचून झाल्यावर लगेच, सीसीटीव्हीचं बघा. रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. किती दिवसांनी, ते बसवणाऱ्यालाच ठाऊक असतं. मुख्याधिकाऱ्यांना एका ओळीचं पत्र द्या, अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जतन करा, आणि आवक क्रमांक घ्या. चित्रण कोर्टात चालायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते नंतर होईल, पण पुसलेलं परत आणता येत नाही.

फिर्यादी कोण? तुम्ही होऊ शकता, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तरी आधी साहेबांना लेखी विचारा की कार्यालयाच्या वतीने तक्रार देणार का. माझा आग्रह यासाठी आहे, की फिर्याद तुमच्या एकटीच्या नावाने गेली तर गावात ती 'त्या बाईंची आणि त्यांची भांडणं' होऊन बसते. त्या माणसाचं तुमच्याशी वैयक्तिक काही वाकडं नव्हतं. त्या दिवशी खिडकी क्रमांक ३ मध्ये जो कोणी बसला असता त्याच्या कानावरून ते पेपरवेट गेलं असतं. त्याने ते नगरपरिषदेवर फेकलं, मग तक्रारही नगरपरिषदेचीच हवी. साहेब लेखी नाही म्हणणार नाहीत, लेखी नकार द्यायला कोणीच धजत नाही. गप्प बसतील. तीन दिवस वाट बघा, मग स्वतः जा आणि गेल्याचं त्यांना कळवा.

साहेबांच्या 'ताणू नका'बद्दल एक सांगायचंय, आणि ते माझ्याच तोंडावर येणारं आहे. मी अधीक्षक असताना पाणीपट्टीच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्या मुलाची एकाने कॉलर धरली होती. मी दोघांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, माफीनामा लिहून घेतला आणि तो फाईलला न लावता ड्रॉवरमध्ये ठेवला. मला वाटलं, किती छान मिटवलं. सात-आठ महिन्यांनी तोच माणूस जन्म-मृत्यूच्या टेबलावर आला. तिथे नवीन लागलेली मुलगी होती, तिला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, कारण माफीनामा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. त्याने तिच्या अंगावर खुर्ची ढकलली. तिच्या पायाला प्लास्टर घालावं लागलं. त्या प्लास्टरवर माझी सही आहे असं मला अजून वाटतं.

तेव्हा नगरसेवकांनी केलेल्या तडजोडीला फार मान देऊ नका. आणि ती कायद्यातही बसत नाही. १३२ आणि १२१ ही आपसात मिटवता येणारी कलमं नाहीत. एकदा गुन्हा नोंदला की रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर नंतर म्हणाल, ताईंनी अर्धंच सांगितलं. केस सरकारची असते, तुम्ही साक्षीदार. तारखा पडतील, वर्षं जातील. मधे कुठेतरी समोरून आरोप येईल, की मॅडमनी पैसे मागितले होते. हा आरोप जवळपास ठरलेलाच असतो. म्हणून त्या मालमत्तेची फाईल आजच पान क्रमांक घालून, टिपणीसह अधीक्षकांच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या.

आता त्या शिपायाबद्दल. तुमच्या पत्रात त्याला पाच-सहा ओळी आहेत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मधे पडला तो, मार खाल्ला त्याने, आणि घरी बसवलं तेही त्यालाच. त्याच्या लोकसेवक असण्यावर वकील वाद घालतील, कारण पगार ठेकेदार देतो. पण मारहाणीचं साधं कलम, ११५(२), कोणालाही लागू आहे. आणि तुमच्या केसचा पहिला साक्षीदार तोच. त्याला आजच सरकारी दवाखान्यात पाठवा. कधी, कुठे, कसं लागलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं आणि कागदावर घ्यायला लावायचं. 'पडलो' म्हणायचं नाही. पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होत असेल तर कामावरची दुखापत म्हणून त्याचा दावाही होतो. आणि त्याला परत बोलवा, या दिवसांच्या पगारासह, असं पत्र नगरपरिषदेने ठेकेदाराला द्यायला हवं. संघटनेला काळ्या फितींऐवजी हे एक पत्र काढून घ्यायला सांगा. फितींचे फोटो निघतात, पण संघटनेचा खरा उपयोग अशा पत्रासाठी.

तुमच्या खिडकीचं चित्र मला न बघता दिसतंय. मागे रजिस्टरांची कपाटं, बाजूला भिंत, समोर टेबल, टेबलापुढे नागरिक आणि नागरिकाच्या पाठीमागे दार. म्हणजे पळायचं तर त्याच्या अंगावरूनच. टेबल फिरवा. उठून मागच्या मागे दुसऱ्या खोलीत जाता आलं पाहिजे. त्यासाठी कपाट हलवावं लागलं तर हलवा, त्याला निविदा लागत नाही. टेबलावरचं पेपरवेट, स्टेपलर, पंचिंग मशीन, कात्री, ते दोरा ओवायचं दाभण, सगळं खणात. काचेची खिडकी केली की सुरक्षा झाली असं काहींना वाटतं. मला शंका आहे. काचेपलीकडे ऐकू येत नाही म्हणून माणूस ओरडून बोलतो आणि ओरडता ओरडता खराच चिडतो. त्यापेक्षा बाहेर बसायला बाकं, टोकन, आणि लोकसेवा हक्क अधिनियमाचा तो फलक, नीट वाचता येईल अशा जागी. कोणती सेवा किती दिवसांत, जबाबदार अधिकारी कोण, अपील कोणाकडे, हे लावणं २०१५ पासून बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तो जिन्याखाली असतो. 'उद्या या' ऐकलेल्या माणसाला पुढचा रस्ता दिसला तर त्याचा निम्मा राग तिकडे वळतो.

आणि 'उद्या या' हे दोन शब्द कार्यालयातून हद्दपारच करा. तारीख सांगा, वेळ सांगा, नाव सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या. आवाज चढलेल्या माणसाला 'शांत व्हा' म्हणू नका, त्याने आजवर कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. नियम समजावत बसू नका. त्या क्षणी त्याला नियम ऐकू येत नाही. 'तुमची पावती दाखवा, मी नोंद बघते' असं हातातलं एखादं काम काढा, आवाज खालचा ठेवा. उभे राहिलात तर समोरासमोर नको, जरा तिरके. कोणी मोबाइल काढून त्याच्या तोंडावर धरू नये. सगळ्यांनी गोळाही होऊ नये, त्याने माणूस कोंडल्यासारखा होतो. एकाने जवळ थांबायचं आणि एकाने ११२ लावायचा. मदत मागायचा खुणेचा शब्द आधी ठरवून ठेवा. आमच्याकडे 'ते लाल रजिस्टर आणा' असा होता. लाल रजिस्टर नव्हतंच. तो शब्द ऐकला की शेजारच्या खोलीतला माणूस येऊन उभा राहायचा. आणि हात उगारला गेला, वस्तू फेकली गेली, की बोलणं संपलं. उठायचं आणि आत जायचं. पैशांची पेटी उघडी राहिली तरी राहू दे. वर सांगितलेल्या करारात धोका दिसल्यावर काम सोडून दूर होण्याचा अधिकार कामगाराला दिलेला आहे. आपल्या लिपिकांना मात्र तो पळपुटेपणा वाटतो.

वसुलीला बाहेर जाणाऱ्यांचं वेगळं. मार्चअखेर जवळ आली की एकेकट्याला नळ तोडायला पाठवतात, ते थांबवा. दोघांनी जायचं, कुठे जातोय ते हालचाल वहीत लिहून, आणि ज्या घरी आधी धमकी मिळाली आहे तिथे पोलीस असल्याशिवाय नाही. पोलीस सोबत असणं पुरतं असंही नाही. ३० ऑगस्ट २०२१ ला ठाण्यात, कासारवडवलीला, फेरीवाल्यांवरच्या कारवाईत सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्यावर शस्त्राने वार झाला, त्यांची बोटं तुटली. अंगरक्षक जवळ होता, त्यालाही इजा झाली. ताफा होता, गर्दी होती. तेव्हा जाण्याआधी परत कसं निघायचं ते ठरवून जावं, आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावावी.

धडधडीबद्दल. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, तोच आवाज पुन्हा ऐकू येणं, दचकणं, हे शरीराचं साहजिक वागणं आहे. तुम्ही भित्र्या झालेल्या नाही. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही तसंच राहिलं किंवा कामाला जायचं म्हटलं की पोटात गोळा येऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. काही दिवस खिडकीऐवजी आतलं टेबल मागा, तात्पुरतं, लेखी. ती सवलत नाही, कामावर लागलेल्याला मिळायला हवी तेवढीच गोष्ट आहे.

बदलीबद्दल तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी खरी आहे. पण आत्ता मागू नका. आत्ता बदली झाली तर कागदावर 'विनंतीवरून' असं येईल, आणि तुमच्या जागी जी येईल तिला त्या माणसाचं नावही ठाऊक नसेल. सहा महिन्यांनी, टेबल फिरलेलं असेल, वही सुरू झालेली असेल, तेव्हाही जावंसं वाटलं तर खुशाल जा.

त्या वहीचं पहिलं पान तुम्हीच लिहा. साधी दोनशे पानी पुरेल. तारीख, वेळ, कोण, काय म्हणाला, कोणासमोर, पुढे काय केलं. पहिली नोंद नऊ दिवसांपूर्वीची नको, त्याच्याही आधीची, 'बाहेर भेट' म्हणाले त्या दिवसाची. तारीख आठवत नसेल तर शिपायाला विचारा, तो त्या दिवशीही दारातच उभा असणार.